कटियारबाबूंचं ऑनलाइन अत्तर

कन्नौजमध्ये राहून अत्तर ऑनलाइन मागवणारा पहिला माणूस म्हणून ब्रजकिशोर कटियार यांचं नाव गावात घेतलं जातं, आणि ते काही कौतुकानं घेतलं जात नाही. ज्या गावात म्हणे गटारालाही गुलाबाचा वास येतो, ज्या गावात दर तिसऱ्या घरात फुलं उकळायची डेग चढते आणि दर दुसऱ्या माणसाच्या कानात अत्तराचा फाया असतो, त्या गावातल्या माणसानं मोबाइलवर बोट फिरवून अत्तर मागवायचं, म्हणजे गंगेच्या घाटावर बसून पाण्याचा टँकर बोलावण्यातला प्रकार. गल्लीतले त्रिवेणी मास्तर तर म्हणतात, "बत्तीस वर्षं शाळेत काढली, पण असा विद्यार्थी पाहिला नाही."

पण कटियारबाबूंकडे कारण होतं. दोन होती. एक त्यांच्या बायकोच्या नाकाचं, दुसरं त्यांच्या स्वतःच्या.

बायकोच्या नाकाची गोष्ट अशी. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोला, मिथिलेशला, ताप आला. ताप आठ दिवसांत गेला, पण जाताना वास घेऊन गेला. सुरुवातीला ती कुणाला काही बोललीच नाही. डाळ करपली, दूध जळून भांडं काळं झालं. मग एक दिवस गॅसचं बटण उघडं राहिलं आणि कटियारबाबू बाहेरच्या खोलीतून धावत आले, तेव्हा ती शेगडीसमोर शांतपणे काडेपेटी शोधत होती. बटण बंद करून, खिडक्या उघडून त्यांनी ओरडायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "मला काही कळतच नाही हो. धन्याचा डबा काय, जिऱ्याचा डबा काय, सगळं सारखंच." आणि मग कधी नव्हे ती रडली.

ही ती बाई, जी अंगणात कपडे वाळत घालता घालता नुसत्या वासावरून सांगायची, "आज मोगरा उतरतोय," "आज हिना आहे, आणि जटामांसी जरा जास्तच पडलीय." शेजारच्या अत्तराच्या कारखान्यातले कारागीर हे ऐकून भिंतीपलीकडून हसायचे, पण मग डेगेजवळ जाऊन खात्री करून घ्यायचे.

कानपूरच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "औषध नाही. तालीम आहे. पहिलवान रोज जोर काढतो ना, तशी नाकाची तालीम. चार वेगवेगळे वास घ्या. गुलाब, लवंग, वाळा, केवडा, चालेल. सकाळ-संध्याकाळ डोळे मिटून एकेक हुंगायचा आणि ती वस्तू मनात आणायची. महिने लागतील. पण अत्तर अस्सल हवं हं, बाजारू सेंट हुंगून नाक भलतंच शिकेल." आणि मग केसपेपरवरचा पत्ता वाचून ते मोठ्यानं हसले. "अरे, तुम्ही तर कन्नौजचे! तुम्हाला काय कमी?"

मिथिलेशही जराशी हसली. कटियारबाबू हसले नाहीत. कारण आता दुसऱ्या नाकाची गोष्ट येते.

कटियारबाबू नलकूप, म्हणजे कूपनलिका, खात्यात वरिष्ठ सहायक. निवृत्तीला दीड वर्ष बाकी. त्यांच्या अर्जलेखनाची जिल्ह्यात ख्याती होती. अर्ज इतका मुद्देसूद आणि इतका लांब असायचा, की वाचण्यापेक्षा मंजूर करणं अधिकाऱ्यांना सोपं वाटायचं. ही विद्या त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वापरली. स्वतःसाठी एकदाच वापरली, आणि तिथंच घोळ झाला. मिथिलेशच्या तापाच्या वर्षभर आधी त्यांनी नवी पांढरी स्कूटर घेतली होती. शेजारच्या लाला मक्खनलालांच्या कारखान्यातून भट्टीची राख उडायची आणि रोज सकाळी ती स्कूटर करडी दिसायची. दोनदा सांगून पाहिलं. लाला म्हणाले, "कटियारबाबू, माझी भट्टी दोनशे वर्षांची, तुमची स्कूटर दोन महिन्यांची. कुणी सरकायचं?"

झालं. कटियारबाबूंनी चार पानी अर्ज ठोकला. नुसत्या स्कूटरसाठी कुठलं खातं हलत नाही, अर्जाला वजन यायला घरात आजारी माणूस लागतं, हा कचेरीतला जुना संकेत. म्हणून परिच्छेद तीनमध्ये त्यांनी लिहिलं, "सदर कारखान्याच्या उग्र दर्पामुळे प्रार्थीची पत्नी अहोरात्र डोकेदुखीने त्रस्त असून तिचे जगणे असह्य झाले आहे." प्रार्थीच्या पत्नीला यातलं एक अक्षर ठाऊक नव्हतं. अर्जाच्या सहा प्रतिलिपी सहा साहेबांकडे गेल्या.

कटियारबाबूंच्या हिशेबानं यावर एखादी ताकीद यायला हवी होती. पण कुणा साहेबानं तो अर्ज खरंच वाचला. तपासणी झाली आणि कारखान्याला अकरा दिवस सील लागलं. तेही ऐन गुलाबाच्या हंगामात. गुलाब काही शिक्का निघायची वाट पाहत थांबत नाही. लालांच्या अंगणात पोत्यांमागून पोती कुजली. बाराव्या दिवशी सील निघालं, तेव्हा लालांनी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून जाहीर केलं, "या माणसाच्या घरात अत्तराचा एक थेंब गेला, तर मक्खनलाल मिशी ठेवणार नाही." सगळा अत्तरबाजार लालांचा भाचा नाही तर मेहुणा. कटियारबाबूंनी कुठल्याही दुकानाची पायरी चढली असती, तर ते उतरायच्या आत बातमी लालांच्या गादीवर पोचली असती. कन्नौजात अत्तर नंतर पसरतं, बातमी आधी.

अशी तीन वर्षं गेली होती. आता त्याच दाराशी जाऊन 'चार थेंब द्या' म्हणायचं? कटियारबाबूंचं नाक फार उंच होतं.

मार्ग कचेरीतल्या अवस्थीनं दाखवला. अवस्थी अंगातल्या बनियनपासून घरातल्या सोफ्यापर्यंत सगळं मोबाइलवर मागवायचा. "बाबूजी, जमाना कुठं गेलाय! घरबसल्या मागवा. कुणाच्या बापाला कळणार नाही."

पहिली बाटली मागवली तिच्यावर 'शंभर टक्के शुद्ध रूह गुलाब' असं लिहिलेलं होतं, आणि किंमत इतकी कमी, की तेवढ्यात कन्नौजात पाकळ्याही मिळाल्या नसत्या. हे कटियारबाबूंना कळत नव्हतं असं नाही. पण मोबाइलवर लाल अक्षरांत 'फक्त दोन शिल्लक' असं आलं की भल्याभल्यांची अक्कल गुंगते.

बाटली आली. कटियारबाबूंनी दार लावून ती उघडली, पण वास काही दार लावून थांबत नाही. पाच मिनिटांत त्रिवेणी मास्तर हजर. "कुणी फिनेल सांडलं का?"

मग परीक्षा सुरू झाली. मास्तर म्हणाले, टीपकागदावर थेंब टाका, डाग राहिला तर भेसळ. टीपकागदावर डागच काय, भोक पडलं. समोरच्या घरातली बाई म्हणाली, पाण्यात टाका. पाणी दुधाळ झालं आणि त्यावर इंद्रधनुष्य आलं. तेवढ्यात अवस्थी आला. "हे सगळं जुनं झालं. कापसाला लावून पेटवायचं. अस्सल असेल तर संथ जळतं."

ते अस्सल नव्हतं. बशीतून निळ्या ज्वाळेनं जी उडी मारली, ती कटियारबाबूंच्या मिशीची डावी बाजू घेऊन गेली.

उजवी बाजू शाबूत होती, हीच खरी पंचाईत. सगळी काढावी, तर लालांची ती मिशीची प्रतिज्ञा सगळ्या गावाला पाठ. लोक म्हणायचे, ठेवणार नाही म्हणाले लाला आणि काढली कटियारनं. राहू द्यावी, तर अर्धी. ते तीन दिवस तोंडाला रुमाल बांधून कचेरीत गेले. चौथ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "कटियार, संसर्गजन्य आहे का?" तेव्हा निमूटपणे उरलेली काढली.

मिथिलेशनं त्या दिवशी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "लग्नात असेच होतात तुम्ही," ती म्हणाली. "पण हे सगळं कशासाठी चाललंय? राहू द्या ना. सवय होतेय मला."

ते 'सवय होतेय' कटियारबाबूंना मिशीपेक्षा जास्त भाजलं. सवय झाली नव्हती. ती रोज सकाळी अंगणात जाऊन भिंतीशी उभी राहायची, नाक वर करून दीर्घ श्वास घ्यायची आणि गुपचूप आत यायची, हे ते खिडकीतून पाहत होते.

दुसऱ्या खेपेला त्यांनी घाई केली नाही. आठवडाभर अभ्यास करून एक दुकान निवडलं. नाव 'नासिका नॅचरल्स'. किमती अस्सल मालाला शोभतील अशा चढ्या, बाटल्या इवल्याशा, आणि प्रत्येक अत्तराखाली ते कोणत्या फुलाचं, कोणत्या महिन्यात काढलं, हे लिहिलेलं. कटियारबाबू नावावर खूश झाले. "महाराष्ट्रातलं दुकान आहे," त्यांनी अवस्थीला सांगितलं. "नासिक. तीर्थक्षेत्र. तिथले लोक फसवणार नाहीत." नासिका म्हणजे नाक, हे ज्या माणसाला सगळ्यात आधी सुचायला हवं होतं, त्यालाच सुचलं नाही.

गुलाब, लवंग, वाळा, केवडा. चार बाटल्या. पत्ता भरताना 'जवळची खूण' अशी एक चौकट आली, आणि ती भरल्याशिवाय पुढं जाता येईना. कटियारबाबूंनी 'पिंपळाजवळ' लिहिलं, तर 'अधिक स्पष्ट लिहा'. 'पिंपळाच्या उत्तरेस' लिहिलं, तरी तेच. शेवटी दातओठ खात त्यांनी लिहिलं, 'लाला मक्खनलाल अत्तरवाले यांच्या कारखान्यास लागून.' चौकट लगेच हिरवी झाली.

तिसऱ्या दिवशी मोबाइलवर निरोप आला, पार्सल निघालं. चौथ्या दिवशी ते कानपूरला पोचलं. कटियारबाबूंनी मनात म्हटलं, महाराष्ट्रातून कानपूर एका दिवसात, काय वेग आहे! पाचव्या दिवशी पार्सल लखनौला, सातव्या दिवशी नागपूरला. हे उलटं कसं चाललंय, याचा ते विचार करत असतानाच दहाव्या दिवशी निरोप आला, 'आपले पार्सल आपल्या शहरात पोचले आहे.' कटियारबाबू दिवसभर दारात खुर्ची टाकून बसले. कुणी आलं नाही. मोबाइलवर बारीक अक्षरांत शहराचं नाव होतं, कण्णूर.

कण्णूर केरळात आहे हे मास्तरांनी नकाशात दाखवलं. समुद्राकाठी.

कुरियरच्या स्थानिक कचेरीत एक तरुण पानाचा तोबरा सांभाळत बसला होता. "कन्नौज, कण्णूर. मशीननं वाचलं असेल."

"मग परत मागवा."

"द्रव पदार्थ आहे. तिथं अडकवलाय. ज्वालाग्राही नाही असं हमीपत्र लागेल."

"अत्तर आहे ते!"

"अत्तर पेटतं की नाही?"

मिशीवरून ज्याचा अनुभव ताजा आहे, त्यानं या प्रश्नाला काय उत्तर द्यावं! कटियारबाबूंनी नुसता ओठ चाचपला. हमीपत्र तीन प्रतींत, राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीनं, आणि मागवणाऱ्यानं नव्हे, पाठवणाऱ्यानं द्यायचं होतं. आयुष्यभर लोकांना 'उद्या या, दुसरी प्रत आणा' म्हणणाऱ्या माणसाला त्या काउंटरच्या अलीकडं उभं राहिल्यावर पहिल्यांदा कळलं, की अलीकडून काउंटर फार उंच दिसतो.

घरी येऊन त्यांनी दुकानाचा ग्राहकसेवेचा नंबर लावला. मिथिलेश अंगणात डाळ निवडत होती, म्हणून ते गल्लीकडच्या खिडकीशी जाऊन हळू आवाजात बोलू लागले. पलीकडून गोड आवाज आला, "नासिका नॅचरल्समध्ये आपलं स्वागत आहे. बोला."

कटियारबाबूंनी आधी तक्रार केली, मुद्दे क्रमांक एक ते सात. आवाज "हो जी, समजलं जी" म्हणत राहिला. सात मुद्दे संपले, आणि का कोण जाणे, आठवा आपोआप निघाला.

"बेटी, ते अत्तर शौकासाठी नाही. माझ्या बायकोचं नाक गेलंय. दोन वर्षं झाली. ती बोलत नाही, पण रोज सकाळी अंगणात उभी राहून वास येतो का पाहते. मी खिडकीतून बघतो. मला ते बघवत नाही. महिनाभर उशीर झाला तरी चालेल, पण माल अस्सल पाठवा. एवढीच विनंती."

पलीकडून उत्तर यायच्या आत गल्लीतून भंगारवाल्याची गाडी आली. भोंग्यावर तेच ते रेकॉर्ड केलेलं, "जुना पंखा, जुना कूलर, तुटकी सायकल..." कटियारबाबूंनी एका कानात बोट घातलं, तर दुसऱ्या कानात, फोनमधून, ऐकू आलं, "जुना पंखा, जुना कूलर, तुटकी सायकल..."

त्यांनी बोट काढलं. दोन्ही कानांत तुटकी सायकल. त्यांनी मान वर केली. समोर, गल्लीपलीकडच्या, हाताच्या अंतरावर म्हणावी अशा लालांच्या राहत्या माडीच्या खिडकीत, कानाला फोन लावून, लालांची धाकटी सून रिचा उभी होती. डोळे पुसत.

"चाचाजी, नमस्ते," फोनमधला गोड आवाज म्हणाला.

"नमस्ते," कटियारबाबू फोनमध्येच म्हणाले.

"दुकान माझंच आहे. माल बाबूजींच्या भट्टीचा, विक्री माझी. पत्ता पाहिला त्याच दिवशी ओळखलं. वाटलं, हातात आणून द्यावं. पण बाबूजींची ती प्रतिज्ञा, आणि तुम्हालाही आवडलं नसतं. म्हणून रीतसर कुरियरनं पाठवलं. मला काय माहीत ते केरळ फिरायला जाईल!" मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "मी असं करते, चार बाटल्या टोपलीत घालून दोरीनं सोडते. बाबूजी जेवायला बसलेत."

काखेत कळसा नुसता नव्हता, तो आता दोरीला बांधून खाली यायला तयार होता. आणि कटियारबाबूंनी काय करावं? घसा खाकरून ते म्हणाले, "नाही. व्यवहार रीतसरच झाला पाहिजे. तुम्ही हमीपत्र भरा."

"तुम्ही आणि तुमचं हमीपत्र!" मागून आवाज आला. मिथिलेश डाळीचं सूप हातात घेऊन उभी होती. कधीपासून, हे विचारायची कटियारबाबूंची छाती झाली नाही. तिनं सूप त्यांच्या हातात दिलं, डोक्यावर पदर घेतला आणि चपला घालून सरळ गल्ली ओलांडली. तीन वर्षं जी गल्ली हिमालयाएवढी वाटत होती, ती ओलांडायला तिला सात पावलं लागली.

कटियारबाबू सूप घेऊन खिडकीत उभे राहिले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. पाऊण तासानं ती परत आली. हातात काही नव्हतं. तिनं सूप काढून घेतलं, खाली बसली आणि डाळ निवडू लागली.

"काय म्हणाले लाला?"

"मी म्हटलं, भाईसाहेब, माझं नाक गेलंय. तर ते ताटावरून उठले. म्हणाले, भाभी, देवाघरचा न्याय बघा, तुम्हालाच तर आमच्या वासानं डोकं दुखत होतं ना? जगणं असह्य झालं होतं ना? अर्जात लिहिलंय." तिनं एक खडा काढून बाजूला ठेवला. "मला अर्ज दाखवला. त्यांनी जपून ठेवलाय. परिच्छेद तीन."

कटियारबाबू बाजूला ठेवलेला तो खडा उचलून बघू लागले.

"त्या वासासाठी मी या घरात नांदले," ती म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हा रडत होते. तुमच्या आईनं अंगणात बसवलं, आणि भिंतीपलीकडून वास आला. वाटलं, बरं आहे मग, राहीन इथं. आणि तुम्ही माझ्या नावानं लिहिलंत, की मला तो नको. कशासाठी? स्कूटरसाठी."

बोलून ती स्वयंपाकघरात गेली. संध्याकाळी ताट वाढलं, पण बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कटियारबाबूंनी नोकरीत तीन खात्यांतर्गत चौकशा पचवल्या होत्या, पण ही चौकशी वेगळी होती. इथं आरोपपत्रच मिळत नव्हतं, उत्तर कशाला द्यायचं?

तिसऱ्या दिवशी सकाळी ते लालांच्या दाराशी गेले. लाला गादीवर होते. वर न पाहता म्हणाले, "भाभींसाठी माझं दार उघडं आहे, त्यांना रोज पाठवा. तुमचं काम असेल, तर लेखी अर्ज आणा."

गादीवरचे दोघं-तिघं हसले. कटियारबाबूंचे कान लाल झाले. पाय मागं फिरणार, तेवढ्यात त्यांना खिडकीतून दिसणारं ते अंगण आठवलं. त्यांनी खिशातून कागद काढला. "आणलाय," ते म्हणाले.

अर्ज फक्त एका पानाचा होता. आयुष्यात लिहिलेला सगळ्यात लहान अर्ज. लालांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचला. "विषय : प्रार्थीने केलेल्या चुकीबाबत. महोदय, प्रार्थीच्या पत्नीस आपल्या कारखान्याच्या वासाचा कधीही त्रास नव्हता. त्रास प्रार्थीच्या स्कूटरला होता. प्रार्थीने खोटे लिहिले. त्यामुळे आपला अकरा दिवसांचा गुलाब कुजला. तो परत देणे प्रार्थीच्या अधिकारकक्षेत नाही. तरी क्षमा असावी."

वाचून झाल्यावर लालांनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली. "प्रतिलिपी कुणाला?"

"गल्लीतल्या सगळ्या घरांना. सकाळीच वाटून आलो."

लालांनी चष्मा काढला. "कटियार, त्या कुजलेल्या गुलाबाचा वास अजून माझ्या नाकात बसलाय. कितीही चांगलं अत्तर काढलं, तरी मागून तो येतोच. भाभींना काही येत नाही, मला जे नको तेच येतं." मग एकदम आवाज चढवून, "उभे काय राहिलात? अर्जावर विचार चालू आहे, तोवर बसा. चहा येतोय. राख उडेल हं चहात, आधीच सांगतो!"

इतकंच झालं. कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. लालांनी दुसऱ्या दिवशी मिशी उतरवली, कारण भाभींच्या नाकावाटे का होईना, अत्तर आता त्या घरात जाणारच होतं, आणि शब्द म्हणजे शब्द. आता गल्लीत दोन बिनमिशीचे वयस्क झाले आणि दोघंही एकमेकांकडे पाहायचं टाळू लागले.

त्या दिवसापासून मिथिलेश रोज सकाळी कारखान्यात जाऊ लागली. डेगेपासून जरा बाजूला तिची खुर्ची. डोळे मिटून ती बसायची आणि लाला स्वतः काडीला कापूस गुंडाळून, बुडवून, तिच्या नाकाखाली धरायचे. "गुलाब आठवा, भाभी. पहाटेचा, दवातला." पंधरा दिवस झाले, महिना झाला, दोन झाले. काही नाही. तिचा चेहरा पडायला लागला. एका सकाळी लालांनी काडी धरली, "काय वाटतं?"

"काही नाही, भाईसाहेब. काहीच येत नाही."

"अगदी बरोबर! ते पाणी होतं." भट्टीवरचे सगळे कारागीर हसले, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा मिथिलेशही पोट धरून हसली. त्या रात्री जेवताना ती कटियारबाबूंशी आपणहून बोलली. मीठ मागितलं, पण बोलली.

भाद्रपदात ते पार्सल आलं. केरळचे, कर्नाटकचे आणि कुठले कुठले शिक्के बसलेलं. पोचवणाऱ्यानं ओटीपी मागितला, तो येईपर्यंत अर्धा तास गेला. चारी बाटल्या धडधाकट होत्या. कटियारबाबूंनी रिचाच्या दुकानाला पाचपैकी चार तारे दिले. तिनं खिडकीतून विचारलं, "चाचाजी, एक तारा कुठं कापलात?" ते म्हणाले, "विलंबाबद्दल. नियमानं कापावा लागतो."

थंडी पडली, लग्नसराई आली. एका दुपारी दोघं नातेवाइकांकडचं लग्न आटोपून ई-रिक्षानं परतत होती. समोरासमोर सहा माणसं, गुडघ्याला गुडघा. मिथिलेशच्या शेजारी एक बाई, मांडीवर काळी पर्स. तिच्यासमोर एक जाडजूड पोलीस हवालदार, दोन्ही हातांनी बॅग धरून बसलेला. रिक्षा फाटकाशी वळली, तेव्हा मिथिलेश एकाएकी ताठ झाली.

"मुळा," ती म्हणाली.

"काय?" कटियारबाबू.

"कुणाकडं तरी मुळा आहे."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पर्सवाली बाई म्हणाली, "माझ्याकडे नाही हं!" दुसऱ्या बाजूचा म्हातारा म्हणाला, "मी तर खातच नाही." कटियारबाबूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. भरल्या रिक्षात बायको मुळ्याची चौकशी करतेय, तीही हवालदारासमोर. "अगं, हळू," ते कुजबुजले.

"हळू काय! आहे मुळा. पाल्यासकट आहे. आणि परतलेला आहे, ओवा घालून." ती जागेवरून अर्धी उठली. "शोधा ना! मला सांगा, कुणाकडं आहे?"

मग हवालदारानं हळूच मान खाली घातली. बॅगेची चेन उघडली आणि त्यातून स्टीलचा डबा काढला. "मुळ्याचे पराठे आहेत, माताजी," तो ओशाळून म्हणाला. "बायकोनं ड्यूटीसाठी दिलेत. झाकण जरा ढिलं आहे. माफ करा."

"माफ काय करायचं, भय्या!" मिथिलेश डब्यावर जवळजवळ ओणवीच झाली. डोळे मिटलेले, गालांवरून पाणी ओघळतंय. आठ महिने गुलाब, केवडा, वाळा, लवंग. कन्नौजच्या थोर कारागिरांची मेहनत. आणि दारात येऊन उभा राहिला कोण, तर मुळा! कटियारबाबूंनी हवालदाराचा हात घट्ट धरला. त्यांना त्याला काहीतरी द्यायचं होतं, काय ते कळत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "तुमचं नाव लिहून द्या. मी तुमच्या वरिष्ठांना पत्र लिहीन."

"नको, नको साहेब!" हवालदार घाबरला. "मी काय केलं?"

रिक्षा थांबली. "बाबूजी, तुमची गल्ली," चालक म्हणाला. कुणी हललं नाही. "बाबूजी, उतरा की, मागं गाड्या भोंगे वाजवतायत."

"थांबा हो जरा," डब्यावरून मान न उचलता मिथिलेश म्हणाली, "अजून येतोय."